अतिभार

अकोल्याच्या डाळमिलमधून तूरडाळीची पोती अमरावतीच्या पेढीवर आणणाऱ्या पिकअपच्या पुढच्या चाकांतून खडखडाट येऊ लागला, तेव्हा रविवारी धाकट्या चिरंजीवांनी अंगणातच काम काढले. मागच्या चाकांना दगड लावले, जॅकने गाडी उचलून खाली पक्के स्टँड ठेवले. चाक वरून व खालून धरून हलवताच ते डुगडुगले. बॉल जॉइंटचे रबर फाटले होते. ग्रीस वाळून आत धूळ शिरली होती. तो सांधा निखळता, तर धावत्या गाडीचे चाकच कोलमडले असते.

२०२२ मध्ये या महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन विश्वविक्रम नोंदला गेला. रस्ता गुळगुळीत झाला, तशी पेढीची पोतीही वाढत गेली.

झिजलेला सांधा हातात घेऊन वडील स्तब्ध झाले. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांतील ‘अतिभार’ ते प्रतिक्रमणात नित्य आठवत. मात्र तो बैलांपुरताच, असे त्यांनी मानले होते. लोखंडाला वेदना नाही; परंतु स्टिअरिंग धरणाऱ्या चालकाची घरी कुणी वाट पाहत असते.

दोन्ही बाजूंचे सांधे बदलले, नव्या कॉटर पिना बसल्या, गॅरेजमध्ये चाकांचे अलाइनमेंट झाले. सोमवारी दहा पोती दुसऱ्या फेरीसाठी मिलमध्येच राहिली.