जुन्नर-आंबेगांवच्या मुलांचें आकाश

जुन्नरचें नांव निघालें कीं शिवनेरी, लेण्याद्री व नाणेघाट हीं स्थळें सुशिक्षित माणसाच्या मुखीं सहज येतात. नाणेघाटांतील सातवाहनकालीन शिलालेखांत यज्ञांच्या दक्षिणेचे आंकडे कोरलेले असून ते या देशांतील अत्यंत जुन्या अंकलेखनांत गणले जातात. आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस गेलों तें मात्र याच तालुक्यांतील एका अगदीं नव्या स्थळीं. पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांवास उतरून पूर्वेकडे वळलें म्हणजे उसाच्या फडांमधून व द्राक्षांच्या मळ्यांमधून वाट खोडद गांवीं पोंचते. तेथें पिकांच्या वर प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात.

प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर, व अशा एकंदर ३०. त्यांपैकीं १४ खोडदनजीक सुमारें एक चौरस किलोमीटर जागेंत असून उरलेल्या १६ तीन शाखांनीं दूरवर मांडलेल्या आहेत. टोंकाच्या थाळ्यांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. सर्व मिळून दुर्बीण एकच! डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून व टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयानें ती सिद्ध झाली आणि २००१ सालीं तिचें लोकार्पण झालें. हिला डोळा लावून कांहीं दिसत नाहीं. आकाशस्थ पदार्थांपासून येणारे रेडिओ-तरंग ती टिपते. तेव्हां दुर्बीण म्हणण्यापेक्षां कर्ण म्हणणें आम्हांस अधिक शोभतें.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञानदिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्तानें येथें प्रदर्शन भरतें, आणि जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील शाळांचीं मुलें स्वतः केलेलीं उपकरणें घेऊन येतात. आमच्यासमवेत धाकट्या बंधूंचीं नातवंडें होतीं. त्यांना आंवरणें हाहि एक प्रयोगच होता.

एका मांडवांत प्राथमिक वर्गांच्या मुलांपुढें अवकाशाचा खेळ चालला होता. तरुण शिक्षकानें फूटभर व्यासाचा भोपळा मध्यें ठेवून त्यास सूर्य म्हटलें. एका मुलीच्या तळहातावर बाजरीचा एक दाणा ठेविला, ती पृथ्वी. मग तिला १०८ फूट चालावयास सांगितलें. मुलगी मोजीत मोजीत मांडवाबाहेर गेली. सूर्याचे सुमारें १०८ व्यास एकापुढें एक मांडले म्हणजे पृथ्वीपर्यंतचें अंतर होतें. जपमाळेच्या मण्यांचीहि संख्या हीच, हें आमच्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. नेपच्यूनसाठीं कोणास जवळजवळ एक किलोमीटर चालावें लागलें असतें. “आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा?” शिक्षकानें विचारलें. कोणी मंचर म्हणालें, कोणी पुणें. उत्तर निघालें, लंडनच्याहि पलीकडे! फळ्यावर ९ कोटि ३० लक्ष मैल लिहिले कीं मुलें तें पाठ करतात. परंतु हातांत बाजरीचा दाणा घेऊन उन्हांत चाललेली मुलगी तें आयुष्यांत विसरणार नाहीं.

नंतर त्यानें स्वयंपाकघरांतील चाळण काढली व तींत हरभरे आणि राजगिरा एकत्र ओतला. हरभरे वर राहिले, राजगिरा खालीं गेला. थाळ्याहि अशाच बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. वारा भोकांतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका व खर्च थोडा. वीतभर किंवा त्याहून लांब तरंग मात्र भोकांतून न जातां परततात व केंद्रस्थानीं गोळा होतात. ता. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं मंगळावर उतरूं पाहणाऱ्या स्कियापारेल्ली या युरोपीय यानाचा क्षीण संदेश याच थाळ्यांनीं टिपला होता, हें ऐकतांच मुलांनीं टाळ्या पिटल्या.

“याला आमच्या गांवचा आवाज ऐकूं येतो का?” आमच्या धाकट्या नातीनें विचारलें.

“येतो ना,” शिक्षक म्हणाला, “तोच वगळतांना आमच्या शास्त्रज्ञांच्या नाकीं नऊ येतात.”

या उत्तरांतच खरी गोम आहे. डोंगरांनीं वेढलेला हा भाग रेडिओच्या दृष्टीनें शांत, म्हणून तो निवडला. मोबाइल, मोटारींच्या ठिणग्या, कारखान्यांचीं यंत्रें हीं सर्व त्या कर्णास कर्कश. त्यामुळें आसपासच्या उद्योगांवर बंधनें आलीं, व नारायणगांवावरून नियोजिलेला पुणें-नाशिक रेल्वेचा मार्गहि याच कारणानें अडला. मांडवाबाहेर चहा घेतांना एक वृद्ध शेतकरी आम्हांस म्हणाले, “गुरुजी, तारे ऐकायचे ते ऐका, पण आमचा टोमॅटो गाडीनं कधी जायचा?” आम्हांस त्यांचा राग आला नाहीं. ज्ञानासाठीं गांवानें मौन धरावें हें योग्यच. परंतु त्या मौनाची किंमत जे देतात, त्यांच्या मुलांचा या ज्ञानावर पहिला हक्क आहे, आणि वर्षांतून एकदां भरणाऱ्या प्रदर्शनानें तो पुरता फिटत नाहीं.

त्यांतहि पूर्वेकडील बागायती गांवांचीं मुलें येथें सहज पोंचतात. डिंभें धरणाच्या वरच्या अंगास, भीमाशंकराच्या बाजूच्या वाड्यांतील मुलांस खोडद गांठावयाचें म्हणजे अर्धा तालुका ओलांडणें आलें. भोपळा, बाजरी व चाळण यांस गाडीभाडें फारसें पडत नाहीं. शिक्षकाजवळ आम्हीं हें बोललों, तेव्हां त्यानें वही काढून त्या बाजूच्या शाळांचीं नांवें विचारलीं. आम्हांस आठवलीं तेवढीं सांगितलीं. बाकीचीं घोडेगांवच्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मिळवून पाठविण्याचें कबूल केलें आहे.