थंडी गेली तरी केस कोरडेच?

होळीच्या आसपास माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. ताप-खोकला सांगून झाला, औषधं लिहून झाली, की उठता उठता पेशंट विचारतो, "डॉक्टर, अजून एक विचारू? केसांचा पार झाडू झालाय." बरीच वर्षं मी यावर हसून "तेल लावा" एवढंच सांगत असे. त्या उत्तराचा त्रास माझ्या एका पेशंटला सोसावा लागला. ते पुढे सांगतोच.

आधी केस कोरडे का होतात ते पाहू. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, म्हणून तर तो कापताना दुखत नाही. कौलारू छपरावर कौलं असतात तसे त्याच्यावर बारीक खवले एकावर एक बसलेले असतात. हिवाळ्यातली कोरडी हवा, गीझरचं कढत पाणी आणि ओले केस टॉवेलने खसाखसा पुसणं यामुळे ही कौलं उचकटतात. मग केसातला ओलावा टिकत नाही, गुंता होतो, टोकांना फाटे फुटतात. बोअरचं जड पाणी असेल तर त्यात भरच पडते.

फुटलेला फाटा कायमचा सांधणारं तेल किंवा सीरम अजून निघालेलं नाही, जाहिराती काहीही म्हणोत. तो कापायचा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे आज दोन सेंटिमीटर कापलेत तर साधारण दोन महिन्यांत ते भरून निघतील.

उरलेले केस मात्र जपता येतात. आपल्या आजीचं खोबरेल इथे खरंच उपयोगी आहे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. न्हाण्याआधी तास-दोन तास लावलं तरी पुरे. डोक्यात कोंडा असेल तर तेल रात्रभर मुरवत ठेवू नका, कोंडा वाढतो. पाणी कोमट घ्या. शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. ओला केस कमकुवत असतो, म्हणून मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकं सोडवा, मग हळूहळू वर या. एवढं नीट केलंत तर महिना-दीड महिन्यात हाताला फरक जाणवतो.

आणि नाही जाणवला तर? त्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतल्या एक शिक्षिका जानेवारीत आल्या होत्या. केस कोरडे, गळतात, त्वचाही खरखरीत. थंडी कडाक्याची होती. मी तेल आणि कोमट पाणी सांगून त्यांना दोन मिनिटांत वाटेला लावलं. मार्चअखेर त्या पुन्हा आल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, दवाखान्यात पंखा चालू होता आणि बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. विचारल्यावर एकेक बाहेर आलं: बद्धकोष्ठ, पाळीत जास्त रक्तस्राव, आणि वर्गात उभं राहून शिकवणं होत नाही इतका थकवा. "घरचे म्हणतात आळशी झालीस," त्या म्हणाल्या. टीएसएच ४८ आला. साधारण ४-५ च्या आत असायला हवा. थायरॉइड पार मंदावलं होतं. जानेवारीत मी हेच प्रश्न विचारले असते, तर त्यांचे ते अडीच महिने वाचले असते.

तेव्हा केसांच्या कोरडेपणाबरोबर यातलं काही असेल, उन्हाळ्यातही थंडी वाजत असेल किंवा वजन विनाकारण वाढत असेल, तर नवी बाटली आणण्याआधी डॉक्टरांना भेटा. टीएसएच आणि हिमोग्लोबिन या दोन तपासण्या साध्या आहेत. गरज वाटली तर शरीरातल्या लोहाचा साठाही पाहता येतो. मोठा ताप किंवा बाळंतपण झालं असेल तर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. तेही डॉक्टरांना सांगा.

आणि एक गोष्ट हमखास लपवली जाते: मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू केलेल्या बायोटिनच्या गोळ्या. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि आजार झाकला जातो. या गोळ्या तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद करा आणि घेत होता हे स्पष्ट सांगा.

त्या बाईंचा थकवा गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कमी झाला, केसांना मात्र सहा-सात महिने लागले. परवा त्या मुलीला घेऊन आल्या होत्या, तिच्या केसांना फाटे फुटलेत म्हणून. मी मुलीला आधी थकवा, पाळी, पोट, भूक सगळं विचारलं. आई बाजूला बसून हसत होती. पोरगी ठणठणीत होती, फक्त रोज केसांना इस्त्री करत होती. तिला मी तेलच सांगितलं.