दोन हजार की सहा हजार?

जामनेरच्या बाजारपेठेतील एका कापडाच्या दुकानात पिता-पुत्रांमध्ये एक वाद बराच काळ चालू होता. मोटारसायकलचे इंजिन ऑइल दर दोन हजार किलोमीटरला बदललेच पाहिजे, असे बाबूजींचे म्हणणे. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत सहा हजार लिहिलेले असताना तिप्पट खर्च कशासाठी, असा मुलाचा प्रश्न. दुपारी गिऱ्हाईक नसले की विषय निघे. शेजारचे सराफ चहाला आले की चार हजारांवर तडजोड सुचवीत, जणू उधारीचा तंटाच मिटवायचा आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण त्या घरात मोटारसायकल ही हौसेची वस्तू नव्हती. लग्नसराईचा बस्ता बांधून नेणारी कुटुंबे नेरी, पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर अशा गावांची. निम्मी रक्कम रोख आणि उरलेली पिकाच्या पैशावर. ती वसूल करण्यासाठी बाबूजी आठवड्यातून चार दिवस गाडीवर असत. पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची आगगाडी २०२० पासून बंद पडलेली, एस.टी.ची वेळ वसुलीच्या वेळेशी जुळत नाही. त्यामुळे २०१४ साली घेतलेली ती १०० सीसीची गाडी वर्षाला सुमारे १२,००० किलोमीटर धावे. दुकानातील तराजू, गज आणि ती गाडी यांची योग्यता एकच.

मुलाचा हिशोब सरळ होता. दोन हजारांच्या नियमाने वर्षात सहा वेळा ऑइल बदलावे लागते, सहा हजारांच्या नियमाने दोन वेळा. एका वेळचा खर्च मजुरीसह ४०० रुपये धरला तर वर्षाकाठी १,६०० रुपये वाचतात. शिवाय दर वेळी निघणारे काळे ऑइल जाते कुठे? वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. प्रत्यक्षात ते गॅरेजमागच्या मातीत मुरते आणि पावसाळ्यात ओघळून कांग नदीला मिळते. नको तेव्हा ऑइल बदलणे म्हणजे हा ओघळ वाढवणे. या दुसऱ्या मुद्द्यावर बाबूजी गप्प बसत. पहिल्यावर मात्र त्यांचे उत्तर तयार असे : "इंजिन पुस्तकात चालत नाही, रस्त्यावर चालतं."

बाबूजींचा नियम हवेतून आलेला नव्हता. त्यांच्या वडिलांकडे राजदूत होती. ती टू-स्ट्रोक गाडी. तिच्यात पेट्रोलबरोबरच मापाने ऑइल मिसळायचे, ते जळायचे आणि निळा धूर होऊन निघून जायचे. इंजिनला रोज ताजे ऑइल मिळत असल्याने तेथे बदलण्याचा प्रश्न फक्त गिअरच्या तेलापुरता. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक गाड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात सर्वांना पाठ होती. लोक ऑइलही विसरून गेले. या इंजिनात तेच ऑइल पुन:पुन्हा फिरते, हे अनेकांना इंजिन उघडल्यावरच कळले. त्या काळची तेले आजच्याइतकी टिकाऊ नव्हती, रस्ते मुरमाचे होते. तेव्हा कोण्या जाणत्या मिस्त्रीने सांगितलेला दोन हजारांचा आकडा पिढीच्या डोक्यात पक्का बसला. अमेरिकेतही मोटारींसाठी ३,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरचा, असाच आकडा बसला होता. तेले आणि इंजिने सुधारल्यावरही तो मनातून जाईना, तेव्हा कॅलिफोर्नियात सरकारी यंत्रणेला लोकांच्या समजुतीसाठी मोहीम काढावी लागली. जामनेरकरांनी फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

तेलाचा व्यवहार या तालुक्याला नवा नाहीच. वाकोदचे भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये ७,००० रुपयांच्या भांडवलावर धंद्याचा आरंभ केला तो हातगाडीवरून रॉकेल विकून. मापात तेल किती आणि डब्यात उरले किती, हे रोज पाहिल्यावाचून तो धंदा होत नाही.

वादाच्या मुळाशी जायचे तर ते ऑइल इंजिनात करते काय, हे पाहावे लागते. मोटारीत इंजिन आणि गिअर यांचे तेल सामान्यतः वेगळे असते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र जेमतेम लिटरभर ऑइल पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांनाही सांभाळते. गिअरच्या दात्यांत चिरडून त्याचा दाटपणा हळूहळू कमी होतो. क्लचच्या पट्ट्या त्यातच भिजलेल्या असतात. म्हणून मोटारीचे अधिक गुळगुळीत ऑइल मोटारसायकलीत घातले तर क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहायची ती यासाठी. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० यांतील पहिला आकडा थंडपणीचा दाटपणा सांगतो, दुसरा तापल्यानंतरचा. पुस्तिकेत जो सांगितला असेल तोच घ्यावा. आपल्या उन्हाळ्यात जाड तेल बरे, हा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये.

रंगावरून मात्र बहुतेक जण फसतात. ऑइल काळे पडले म्हणजे संपले असे नव्हे. काजळी आणि मळ धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मळ धरणारे ऑइल काळे होणारच. उलट सोनेरी दिसणाऱ्या तेलातही पाणी आणि पेट्रोल मिसळलेले असू शकते. दुकान ते घर, घर ते स्थानक, अशी अर्ध्या-एक किलोमीटरची फेरी करणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. आत धरलेली वाफ उडून जात नाही. अशा गाडीचे वर्षभरात दोन हजार किलोमीटरही होत नाहीत, तरी तिचे ऑइल वर्षाने बदलावे. रोज लांब, एका वेगाने धावणाऱ्या गाडीचे ऑइल त्यापेक्षा कितीतरी टिकते. त्यात खानदेशातील चैत्र-वैशाख. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर चुकवून आत गेली की कोणताही आकडा उपयोगाचा राहत नाही. म्हणून अनेक पुस्तिकांत धूळ आणि उष्णता अधिक असल्यास मुदत कमी करावी, अशी बारीक अक्षरांतील सूचना असते.

तर २०२१ च्या डिसेंबरात बाबूजींनी हार मानली. गाडीची सर्व्हिसिंग मुलाने करून आणली, सीलबंद डब्यातील ऑइल घातले, रिकामा डबा पुन्हा भरला जाऊ नये म्हणून त्याला भोकही पाडले. पुढची तारीख सहा हजारांनंतरची लिहिली. काळजीपूर्वक केलेले काम होते; त्याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात, बाबूजी वसुली करून फत्तेपूरहून परतत होते. उन्हे उतरू लागली होती. गाडी ओढेनाशी झाली, डोक्याकडून खडखड ऐकू आली आणि काही अंतरावर इंजिन जाम झाले. रस्त्यावर सावली म्हणून एक बाभूळ. खिशात वसुलीची रक्कम, वय अडुसष्ट. मुलगा टेम्पो घेऊन पोहोचला आणि दोघे घरी आले तेव्हा दिवस मावळून गेला होता. बाबूजी सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. वाटेत पाणी संपलेले होते. सुनेने भरलेला तांब्या त्यांनी हाताने बाजूला सारला आणि ते ओसरीवर आडवे झाले. मुलगा त्या रात्री जेवला नाही. कोणी कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी इंजिनखालचा नट सोडला. पत्र्याच्या डब्यात पेलाभर ऑइल उतरले. आठशे मिलिलिटर असायला हवे होते.

"शेठ, ऑइल खराब नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "ऑइल नव्हतंच."

"पण गळती कुठंच दिसली नाही," मुलगा म्हणाला.

"गळालं नाही, जळालं. रिंगा झिजल्या की ऑइल वर चढतं आणि पेट्रोलसोबत जळतं. सकाळी गाडी चालू करताना निळा धूर येत नव्हता का?"

धूर येत होता. सुनेने तो अंगणात दोनदा पाहिला होता आणि उदबत्तीचा समजून सोडून दिला होता.

घरी आल्यावर मुलाने बाबूजींची लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. गाडी घेतल्यापासूनची प्रत्येक नोंद त्यात होती : तारीख, किलोमीटर, रुपये. आणि समासात, निघालेल्या जुन्या ऑइलविषयी एखादा शब्द. सुरुवातीची काही वर्षे 'पूर्ण'. नंतर 'किंचित कमी'. शेवटच्या दोन नोंदींत 'पाव लिटर कमी'. मुलाने कागदावर त्रैराशिक मांडले. दोन हजारांत अडीचशे मिलिलिटर, तर डिसेंबरपासून झालेल्या ४,८०० किलोमीटरमध्ये सहाशे. आठशेतून सहाशे वजा जाता दोनशे. डब्यात पडलेला पेला जवळपास तेवढाच होता.

म्हणजे बाबूजींच्या दोन हजारांनी इंजिन वाचत होते ते ऑइल खराब होण्यापूर्वी बदलले जाई म्हणून नव्हे, तर दर दोन हजारांना तूट भरून निघे म्हणून. नियम फळ देत होता, कारण त्यांना ठाऊक नव्हते. समासातील शब्द त्यांनी स्वतःच लिहिले होते, पण वर्षावर्षांची तुलना केली नव्हती. आणि पुस्तिका? मुलाने ती पुन्हा उघडली. ज्या तक्त्यात सहा हजारांना बदल लिहिला होता, त्यातच तीन हजारांना भर घालावी असे होते, आणि दुसऱ्या पानावर गाडी काढण्यापूर्वी पातळी पाहावी असेही. त्याने एकच रकाना वाचला होता. वर्षाअखेरचा ताळेबंद जुळला म्हणून रोजची शिल्लक मोजायची नाही, असे त्याने दुकानात कधीच केले नसते.

बोअर-पिस्टन, कॅम आणि मजुरी मिळून ६,५०० रुपये झाले. बचतीची चार वर्षे एका बिलात गेली, हे मुलानेच बोलून दाखवले. बाबूजींनी मान हलवली; त्यावर टोमणा मारला नाही. नव्या कामानंतरचे पहिले ऑइल मिस्त्रींच्या सांगण्यावरून लवकर बदलले गेले. पुढे पुस्तिकेचाच आकडा ठेवायचा ठरले, मात्र मार्च ते जून धुळीच्या दिवसांत चार हजारांना. सराफांना त्यात आपला विजय दिसला.

आता रविवारी सकाळी गाडी अंगणातील फरशीवर डबल स्टँडला लागते. तीन-चार मिनिटे इंजिन चालवून बंद करायचे, जरा थांबायचे, डिपस्टिक काढून फडक्याने पुसायची, आटे न फिरवता नुसती आत टेकवायची आणि पुन्हा काढून पाहायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवे. बाबूजींना चष्म्याशिवाय खूण दिसत नाही, म्हणून ते काडी नातवापुढे धरतात. तो सांगतो, "वरच्या रेषेच्या थोडं खाली." लाल वहीत बाबूजींनी 'पातळी' असा नवा रकाना आखला आहे. त्यात ते नातवाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतात आणि मग पान उलटून मागच्या रविवारची नोंद पाहतात.