एक घोडा घेणें आहे

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं माणसानें काय विकत घ्यावें याविषयीं आमच्या इमारतींत पूर्ण एकमत आहे. गुडघ्यांसाठीं पट्टे घ्यावेत, रक्तदाब मोजण्याचें यंत्र घ्यावें, फार तर गांवाकडे जमिनीचा एखादा तुकडा घ्यावा. म्हणून मीं जेव्हां मोटारसायकल घेण्याचा बेत जाहीर केला, आणि तीहि बाजारहाटाच्या कामाची सालस मोटारसायकल नव्हे, तर पुढें वांकून, टाकीवर पोट टेकून चालवावयाची शर्यतीच्या घाटाची, तेव्हां शेजारच्या नानांनीं माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती नजर मीं पूर्वीं एकदांच पाहिली होती. त्यांच्या मेहुण्यानें साठाव्या वर्षीं तबला शिकावयास घेतला तेव्हां.

मला दुचाकी चालवितांच येत नव्हती, हें तर मीं नानांना सांगितलेंहि नव्हतें.

भाईंदरच्या नोकरदाराला ती येण्याचें तसें कारणहि पडत नाहीं. सकाळीं स्टेशनवर चालत जावें, लोकलच्या दारांतून आंत ढकललें जावें, संध्याकाळीं तसेंच बाहेर ढकललें जावें. पंचवीस वर्षें मी असा दुसऱ्यांच्या खांद्यांच्या बळावर प्रवास करीत आलों आहें. पण या हौसेचें मूळ जुनें आहे. १९८३ सालीं एस्कॉर्ट्सनें यामाहाच्या मूळ नमुन्यावरून राजदूत ३५० ही दोन सिलिंडरांची गाडी बाजारांत आणली. पेट्रोल पिण्यांत ती इतकी पटाईत होती कीं हिशेबी गिऱ्हाइकांनीं तिच्याकडे पाठ फिरविली आणि थोड्याच वर्षांत तिचें उत्पादन थांबलें. त्यांतली एक आमच्या गांवांत कोणाकडे तरी होती. मिठागरांच्या कडेनें ती गेली कीं बगळ्यांची रांगच्या रांग उठे. चालविणाऱ्याचा चेहरा मला आठवत नाहीं, बगळे आठवतात.

पोस्टांतल्या आवर्ती ठेवीचे दोन लाख रुपये यंदा हातीं आले, आणि ते बगळे पुन्हां उठले. घरीं भीत भीत विषय काढला. सौभाग्यवती भाजी निवडीत होत्या. "घ्यायची तर घ्या," त्या म्हणाल्या, "पण आधी डोक्याचं बघा." हें वाक्य मीं दोन्ही अर्थांनीं घेतलें.

आमच्या गांवाच्या पूर्वेस, वसईच्या खाडीवर घोडबंदर आहे. अरबस्तानांतून आलेले घोडे या बंदरांत उतरत म्हणून हें नांव, असें सांगतात. १७३७ मध्यें मराठ्यांनीं तेथला किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, एवढें आम्हां शाळकरी पोरांना ठाऊक असे. पण मला आतां त्या घोडे खरेदी करणाऱ्यांचें कुतूहल वाटूं लागलें. ते खूर पाहत असतील, दांत मोजीत असतील. आणि एखादा शहाणा व्यापारी घोड्याकडे पाहण्यापूर्वीं गिऱ्हाइकाच्या मांडीकडेहि पाहत असेल. याच्या हातीं हें जनावर टिकेल काय?

मीं मात्र दहिसर-बोरिवलीपर्यंतचीं दुकानें पालथीं घातलीं, तेथें हा प्रश्न मला कोणीं विचारला नाहीं. "बजेट किती, सर?" एवढेंच विचारीत. दोन लाख म्हटलें कीं दोन लाख दहा हजारांच्या गाडीपाशीं नेऊन उभें करीत. दुकानांतली किंमत निराळी आणि रस्त्यावरची निराळी, हें तत्त्वज्ञान मला तेथें कळलें. विमा आहे, नोंदणी आहे, रस्त्याचा कर आहे. आणि इंजिन जों जों फुगतें तों तों हीं सर्व फुगत जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरचा जी.एस्.टी. २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला, आणि त्याहून मोठ्यांवर ४० टक्के बसला. नव्या दुचाकीला त्रयस्थ विमा पांच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. १ जून २०२२ च्या दरांत तो १५० ते ३५० सी.सी.ला ७,३६५ रुपये होता, तर ३५० च्या वर १५,११७. सरकारच जणूं माझ्या सासऱ्यांच्या आवाजांत सांगत होतें, कीं जांवईबापू, बेतानें घ्या.

माझ्यासारख्या बेतानें घेणाऱ्यांसाठीं अशी गाडी असणें हीच मुळीं अलीकडची गोष्ट. २००१ मध्यें पुण्याच्या बजाजनें पल्सर काढली, तेव्हां कॉलेजांतल्या पोरांना ऐट परवडूं लागली. आणि २००८ मध्यें यामाहाची आर१५ आली, तेव्हां १४९ सी.सी.च्या लहानशा इंजिनाला पाण्यानें थंड ठेवण्याची सोय आणि अंगभर कवच मिळालें. या कवचाचा अर्थ वारा कापणें. हँडल खालीं, पाय मागें, पाठ कमानीसारखी. वेग वाढला कीं समोरचा वारा स्वाराच्या छातीवर न आदळतां वरून निघून जातो. मीरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखालून रिक्षाच्या मागें सरकतांना कापण्यासारखा वारा कोठें असतो, असें विचारणारा मनुष्य अरसिक समजावा. त्या वांकलेल्या बैठकींत शरीराचा बराच भार मनगटांवर येतो आणि हळू चाललें कीं तीं अधिकच दुखतात, हेंहि खरें आहे. तें मला दुकानांत पांच मिनिटें बसल्यावर कळलें, आणि मीं कोणाला सांगितलें नाहीं.

दोन लाखांत नवी लहान गाडी येते. पण त्याच दोन लाखांत जुनी मोठीहि येते! नवशिक्याला भुरळ पडते ती नेमकी या जागीं. माझेंहि पाऊल तेथेंच घसरलें.

मीरा रोडला एका इमारतीखालीं आर.सी. ३९० विकावयाची आहे असें समजलें. ऑस्ट्रियाच्या केटीएमची ही जात २०१४ मध्यें आपल्याकडे आली. तयार होई आपल्या चाकणला. इंजिन ३७३ सी.सी., शक्ति त्रेचाळीस घोड्यांच्या आसपास. नव्या दीडशेच्या वर्गांतल्या गाड्यांना तेरा ते अठरा. मागणी एक लाख साठ हजारांची. मी हिशेब करीतच गेलों: घोड्यामागें पावणेचार हजार रुपये! घोडबंदरलाहि कोणाला इतका स्वस्त सौदा मिळाला नसेल.

तिचा मालक चोवीस-पंचवीस वर्षांचा, अबोल मुलगा होता. त्यानें आच्छादन काढलें. माझा भाचा या विषयांतला जाणता; त्यानें पढवून पाठविल्याप्रमाणें मी गुडघ्यांवर बसलों. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेथें २३१९ होतें. म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतलें रबर, आतां लांकडासारखें झालेलें. हँडलच्या डाव्या टोकावर खरवडल्याच्या खुणा. आणि कवचाचा नारिंगी रंग एका बाजूस जरा निराळा, अधिक नवा.

"पार्किंगमध्ये पडली होती एकदा," मुलगा म्हणाला.

तेवढ्यांत त्याची आई खालीं आली. हातांत पिशवी होती. बाजारास निघाल्या असाव्यात. त्यांनीं गाडीकडे पाहिलें नाहीं, माझ्याकडे पाहिलें. "पार्किंगमध्ये म्हणाला ना? पार्किंगमध्ये पडलेला मुलगा तीन महिने उताणा राहतो का हो भाऊ?" मुलगा आच्छादनाची घडी घालूं लागला. घालतां घालतां तो दोन पावलें बाजूस सरला, आणि त्या दोन पावलांत मला त्याचा पाय दिसला. "घेऊन जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "दहा हजार कमी करा म्हणालात तर वीस करीन. पण तुमच्या घरी विचारलंय ना?"

मी "कळवितों" म्हणालों. याहून वाईट उत्तर मराठींत नाहीं. स्टेशनकडे चालतांना मला अपघाताचें भय वाटत नव्हतें, लाज वाटत होती. गाडींत दोष नव्हता, कदाचित् मुलांतहि नसेल. पण माझ्या नकारानें ती वस्तु त्यांच्याच जिन्याखालीं राहणार होती. आणि होकार दिला तर ती माझ्या जिन्याखालीं येणार होती. त्या बाईंना हें माझ्याआधीं कळलें होतें. म्हणून तर त्यांनीं माझें घर विचारलें.

पुढच्या रविवारपासून पहांटे भाच्याच्या जुन्या १२५ सी.सी.वर, मोकळ्या मैदानांत, माझी शाळा सुरू झाली. शिकाऊ परवाना खिशांत होता. पक्का मिळावयास निदान तीस दिवस जावे लागतात, आणि ते मला कमीच वाटले. पहिल्याच दिवशीं मी पडलों. वेगांत नव्हे, गाडी थांबली, पाय टेकावयास गेलों, तो खड्ड्यांत गेला, आणि दीडशे किलो लोखंड माझ्या समजुतीबाहेर कलंडलें. क्लचची दांडी वांकली. ती तीनशे रुपयांत नवी मिळाली. भाचा हंसला नाहीं, हा त्याचा मोठेपणा. "मामा, पहिली गाडी पडणारच," तो म्हणाला. "जी पाडायला परवडत नाही ती घ्यायची नाही."

पुष्कळ ग्रंथ वाचून जें हातीं लागलें नसतें तें या एका वाक्यांत लागलें. अंगभर कवच असलेली गाडी पडली कीं आधीं कवच जातें, आणि तें तीनशे रुपयांत मिळत नाहीं. आणि शक्ति? वळणावर भेदरून नवशिक्याची मूठ जराशी अधिक पिळली जाते. तेरा घोडे ती चूक पोटांत घालतात, त्रेचाळीस घालीत नाहींत. मग त्यानें मला तो विलक्षण प्रकार शिकविला: थोडा वेग आला कीं उजवीकडे वळावयास उजवें हँडल पुढें ढकलावयाचें. गाडी उजवीकडे कलते आणि वळते. बुद्धि नाहीं म्हणते, हात करून पाहतो, आणि घडतें खरें! दुसरें असें कीं नजर जाईल तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे पाहाल तर खड्ड्यांत जाल. त्याच्या पलीकडच्या रस्त्याकडे पाहावें. माझी नजर आठ दिवस खड्ड्याकडेच जात होती.

अखेर सुझुकीची १५५ सी.सी.ची जिक्सर एस.एफ. ठरली. शक्ति साडेतेरा घोडे. हँडल थोडें उंच, म्हणून मनगटें वांचलीं. दोन्ही पाय जमिनीला पोंचले. आणि १२५ सी.सी.च्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचें झालेलें ए.बी.एस्. होतेंच. पैसे उरले त्यांत आय.एस्.आय.चें पूर्ण तोंड झांकणारें हेल्मेट, हातमोजे, घोटे सांभाळणारे बूट. कवच मात्र मीं सोडलें नाहीं. भाच्याचें म्हणणें मला शंभर टक्के पटलें होतें. पण नव्वद टक्के शहाणपण पुरे झालें, दहा टक्के बगळ्यांसाठीं ठेवावें, असा मीं निवाडा केला. सौभाग्यवतींनीं हेल्मेट हातांत तोलून पाहिलें आणि "हे बरं आहे" एवढेंच म्हणाल्या. गाडीविषयीं अजून त्यांनीं मत दिलेलें नाहीं.

आतां रविवारीं उजाडतांना मी उत्तनच्या रस्त्यानें जातों. मागच्या खेपेस चढावर इंजिन बंद पडलें. मासळीच्या पाट्या घेतलेल्या दोन कोळणी रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. मी चौथ्या प्रयत्नांत निघेपर्यंत त्यांनीं बोलणें थांबवून ठेवलें होतें. परततांना मीरा रोडला कांहीं काम होतें. त्या इमारतीवरून जाण्याची गरज नव्हती, पण गेलों. जिन्याखालीं आच्छादन तसेंच होतें. मीं वेग कमी केला, आणि मग, नजर पुढें ठेवून, दुसऱ्या गिअरमध्येंच स्टेशनकडे वळलों.