बोटीवरचे सोवळे

जेवायला बसताना अंगावरचे कपडे उतरवावेत की चढवावेत, या प्रश्नावर पृथ्वीवरील सुसंस्कृत माणसांत अद्याप एकमत झालेले नाही. आमच्या आजोबांच्या पंक्तीत सदरा घालून बसण्याची कोणाची छाती नव्हती. मुकटा नेसावा, उघड्या अंगाने पाटावर बसावे, चित्राहुती घालाव्यात आणि मगच भाताला हात लावावा, असा तो शिरस्ता. साहेबाचा शिरस्ता याच्या नेमका उलट. दिवसभर अर्ध्या चड्डीत वावरलेला गृहस्थ सायंकाळ होताच काळा कोट चढवतो, गळ्याशी काळी फीत आवळतो आणि मगच अन्नाकडे पाहतो. वरवर पाहता ही दोन टोके. परंतु मुकटा काय आणि डिनर जॅकेट काय, दोन्ही सोवळीच. बाहेरची धूळ पंक्तीत येऊ नये, आणि आपला कोण व परका कोण हे एका दृष्टिक्षेपात कळावे, हेच दोहोंचे प्रयोजन.

हा विचार करण्याची पाळी आमच्यावर आली ती २०१७ च्या जून महिन्यात. इंग्लंडात स्थायिक झालेल्या आमच्या चिरंजीवांनी आम्हां उभयतांना व आमच्या आत्याबाईंना साउदॅम्प्टनहून नॉर्वेच्या खाड्यांकडे जाणाऱ्या एका बोटीवर सात रात्रींसाठी नेण्याचे ठरविले. तिकिटांमागोमाग कपड्यांविषयीचे पत्रक आले. सातांपैकी दोन रात्री 'गाला'च्या. त्या रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट अथवा गडद सूट घालावा, स्त्रियांनी सायंकाळचा झगा. एरवीच्या रात्री कोट पुरे. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी बुफेच्या दालनात खुशाल जेवावे; म्हणजे सोवळे न पाळणाऱ्यांसाठी पडवीत वेगळी पंगत होतीच! पहिल्या रात्री मात्र कोणी नटायचे नाही. ट्रंका अजून उघडलेल्या नसतात म्हणून हा जुन्या बोटींवरचा संकेत होता, आणि ट्रंका बांधायच्या असतात म्हणून शेवटच्या रात्रीही तोच. जुन्या संकेतांतले एवढेच आम्हांस मनापासून शहाणपणाचे वाटले.

"बाबा, तुमचं माप कळवा. डिनर जॅकेट इथे भाड्यानं मिळतं," असा चिरंजीवांचा निरोप आला. आवाजात काळजी होती. ती आमच्या पोटाच्या घेराविषयी नव्हती, हे ओळखण्याइतके आम्ही त्याचे बाप आहोत.

भाड्याचे सोवळे ही कल्पनाच आमच्या पचनी पडेना. त्यातून त्या जॅकेटाची वंशावळ आम्हांस ठाऊक. लंडनच्या हेन्री पूल नामक शिंप्याने १८६५ साली युवराज एडवर्ड यांच्यासाठी घरगुती जेवणास म्हणून एक आखूड कोट शिवला, तो याचा मूळपुरुष मानतात. पुढे १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कात तो मिरवू लागला आणि अमेरिकेने त्याला त्या गावाचेच नाव दिले. म्हणजे लांब शेपटांच्या कोटाचा कंटाळा आलेल्या राजपुत्राचे हे सैल वस्त्र. आज तेच कर्मठपणाचे चिन्ह होऊन बसले आहे. काही बोटींनी तर २००० सालापासून 'हवे ते घाला, हवे तेव्हा जेवा' असा सुधारकी पंथ काढला. तशा बोटीचे तिकीट आमच्या वाट्यास आले नव्हते.

पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ होती: औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालेल. ती वाचली आणि आम्हांस वडिलांच्या काळ्या शेरवानीची आठवण झाली.

वडील निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. शेरवानी, डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस, हा तेथील दरबारी रिवाज. वडिलांच्या वाट्याला तो क्वचितच येई, पण आला की घरी परतल्यावर ते प्रथम शेरवानी उतरवीत आणि मग बोलू लागत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या महिन्यात वडिलांनी ती शेरवानी घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि पुढे मरेपर्यंत अंगाला लावली नाही. ज्यांनी जिला चाकरीची खूण म्हणून टाकली, तीच आम्ही साता समुद्रांवर 'राष्ट्रीय पोशाख' म्हणून मिरवावी काय? भाड्याच्या कोटापेक्षा ही अडचण फार मोठी होती.

आत्याबाई वडिलांच्या सर्वांत धाकट्या भगिनी. १९४८ साली त्या दहा वर्षांच्या होत्या. ती घडी घालताना त्यांनी पाहिली होती. आम्ही भीतभीतच विषय काढला. त्या म्हणाल्या, "कापड दादाच्या पगाराचं होतं. शिलाईही त्यानंच दिली. निजामाचं काय त्यात?"

पत्थरगट्टीतल्या एका वृद्ध शिंप्याने ती उसवली. पूर्वीचे कारागीर शिलाईत पुष्कळ कापड दाबून ठेवीत. दोन्ही बगलांतून मिळून तीन इंच निघाले. आमचे पोट कसेबसे मावले.

आत्याबाईंचा प्रश्न उद्भवलाच नाही. इरकली लुगडे त्यांनी जन्मभर नेसले, ते बोटीवरही नेसणार होत्या. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. अमेरिकेच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून पुढे त्यांनी गुजराथी पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. आत्याबाईंनी तोच प्रश्न चिरंजीवांच्या लोकरी पायमोज्यांनी सोडवला. आणि १८८८ साली विलायतेस निघालेले तरुण गांधी? बोटीवर काळा सूट, काट्याचमच्याच्या धास्तीने जेवण खोलीतच, आणि उतरताना खास राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोशाख. विलायतेच्या धक्क्यावर सप्टेंबरच्या अखेरीस पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! १९३१ साली 'राजपुताना' बोटीवर तेच गांधी पंचा नेसून दुसऱ्या वर्गात होते. मधली त्रेचाळीस वर्षे सर्वांनाच लाभत नाहीत.

पहिल्या गाला रात्री आम्ही जिना उतरलो तेव्हा चिरंजीव काळ्या जॅकेटात खाली उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग आजूबाजूला पाहिले. कोणी आमच्याकडे पाहत नव्हते. एक स्कॉट गृहस्थ गुडघ्याएवढ्या किल्टमध्ये ऐटीत चालले होते. चिरंजीवांचे खांदे थोडे सैल झाले, हे आम्हांस स्पष्ट दिसले.

आमच्या टेबलाचा वेटर गोव्याचा, सासष्टीतला निघाला. इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर वाढपी आणि आचारी गोव्याचे, आणि डेकवरचे खलाशी पुष्कळसे रत्नागिरीकडचे, ही वहिवाट शंभर वर्षांहून जुनी. त्याचे आजोबाही खलाशांतलेच. बोटीवरून उतरले की धोबीतलावाच्या 'कुडा'त, म्हणजे गावाने चालविलेल्या बिऱ्हाडात, दुसऱ्या बोटीची वाट पाहत राहत. काळी बो, पांढरा कडक शर्ट, चकाकते बूट. त्या दालनात रोज रात्री न चुकता पोशाख करणारा तोच. आमच्यासाठी दोन रात्री गालाच्या. त्याच्यासाठी करार संपेपर्यंत प्रत्येक रात्र.

आत्याबाईंनी त्याला विचारले, "तू जेवलास का रे?"

तो क्षणभर गोंधळला. हा प्रश्न त्या दालनात कोणी विचारीत नसावे. "जेवलों आजी, पाचांकूच," तो म्हणाला, "बनियनवर." आणि हसला. खाली, कामगारांच्या भोजनगृहात, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून ते सगळे शर्ट काढून ठेवूनच जेवतात म्हणे.

आत्याबाईंना हे फार पटले. "आमच्याकडेही तसंच," त्या म्हणाल्या.

परतताना शेरवानी चिरंजीवांनी मागून घेतली. ती त्यांच्या कपाटात आहे. त्यांचे हात आमच्याहून लांब. बाही दोन इंच आखूड पडते, आणि बाहीत दाबलेले कापड निघाले ते अर्धा इंच. तिकडचा शिंपी जोड देतो म्हणतो. जोड दिसेल की नाही, यावर बाप-लेकांचा दूरध्वनीवर अजून वाद चालू आहे.