मामांची बांधी आणि अर्धा सेकंद

गोंदियात घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. आपली प्रमाणवेळ चालते ८२.५ अंश रेखांशावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर, आणि गोंदिया आहे ८०.२ अंशांच्या आसपास. वर्षाची सरासरी काढली तर नऊ मिनिटांचा फरक. त्याने कोणाचं काही अडत नाही. पण गेले चार-पाच वीकेंड मी ज्या फरकाच्या मागे लागलोय तो एका सेकंदाहूनही लहान आहे, आणि त्याने मात्र अडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद खाली उडी मारावी, राग नाही.)

पृथ्वी हे काही फार चांगलं घड्याळ नाही. वारा, समुद्राची भरती-ओहोटी, पोटातला वितळलेला गाभा, या सगळ्यांच्या ओढाताणीत तिचा दिवस एखाद-दोन मिलिसेकंदांनी लांबतो किंवा आखडतो. आपली घड्याळं चालतात अणुघड्याळांच्या वेळेवर, तिला यूटीसी म्हणतात. पृथ्वी प्रत्यक्षात किती फिरली यावरून जी वेळ निघते ती यूटी१. या दोघींमधला फरक ०.९ सेकंदाच्या पुढे जाऊ नये म्हणून अधूनमधून यूटीसीमध्ये एक जादा सेकंद घालतात, लीप सेकंद. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेलेत. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री, ग्रीनिचच्या हिशोबाने. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती आणि घड्याळात ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद अशी एक वेळ येऊन गेली. कोणाला पत्ताही लागला नाही.

आता उपग्रह. उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो, पण पृथ्वीसोबत फिरत नाही. त्याची कक्षा ताऱ्यांच्या चौकटीत मोजायची आणि खाली गोंदिया त्या क्षणी किती सरकलंय ते वेगळं काढायचं. गोंदियाच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४३३ मीटर धावते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यात एक दशांश सेकंद चुकला, की तुमचं गणित ४३ मीटर बाजूला.

मी पुण्यात उपग्रहाच्या कक्षेचं सॉफ्टवेअर लिहितो. उपग्रहाची जागा आणि वेग दिला, की तो पुढे कुठे असेल आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर जमिनीवरचा कोणता बिंदू येईल ते आमचा प्रोग्रॅम सांगतो. हे मामांना समजावून सांगायची चूक कोणी करू नये, कारण मामा लगेच मुद्द्यावर येतात. मामांचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोहच्या बाजूला. दिवाळीत त्यांच्याकडे गेलो होतो.

"मंग त्याच्यात आपली बांधी दिसते का?" मामा.

"दिसते ना."

"आपलीच? का बाजूवाल्याची?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता. बांधी म्हणजे झाडीपट्टीतला धानाचा तुकडा, चारी बाजूंनी धुरा घातलेला, पाणी अडवायला. आमच्याकडच्या बांध्या लहान, काही तर तीस-चाळीस मीटरच्या. आणि मामांनी एका धुऱ्यापायी आयुष्यातली बारा वर्षं कोर्टकचेरीत घातलीत. वाद दोन हात रुंदीच्या पट्टीचा होता. मोजणी तीनदा झाली, तिन्ही वेळा पट्टी वेगळीच निघाली. त्या माणसासमोर स्क्रीनवर बोट ठेवून "ही आपली" म्हणायचं असेल तर आधी आपण स्वतः खात्री केलेली बरी. म्हणून मी फोन घेऊन बांधीच्या चारही कोपऱ्यांवर उभा राहिलो, आकडे लिहून घेतले, आणि पुण्याला परत आल्यावर तेच माझं चाचणीचं लक्ष्य केलं.

पृथ्वी किती फिरली हे सांगणारा तक्ता फुकट मिळतो. आयईआरएस नावाची आंतरराष्ट्रीय सेवा १९८८ पासून हेच काम करते. गंमत म्हणजे यूटी१ उपग्रहांना स्वतःला नीट कळत नाही. सगळ्या कक्षा मिळून हळूच वळल्या की पृथ्वी वळली, हे त्यांच्या मोजमापातून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे क्वेसार लागतात. जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी एकाच क्वेसारकडे बघतात आणि कोणाकडे लहर किती आधी पोचली त्यावरून पृथ्वीचा कोन काढतात. मामांची बांधी नक्की करायला क्वेसार. मला तरी हे थोर वाटतं.

त्या तक्त्यात यूटी१ शिवाय ध्रुवाचेही दोन आकडे असतात, कारण पृथ्वीचा अक्ष जमिनीच्या तुलनेत एका जागी राहत नाही, काही मीटरच्या घेऱ्यात भटकतो. आपल्या विदर्भाचा याच्याशी थोडा संबंध आहे. भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. आयुष्यभर त्याने पृथ्वीचा आकार मोजला, अक्षांश काढले, ते ध्रुव पक्का आहे असं धरून. ध्रुव डोलतो हे आकड्यांतून दाखवायला १८९१ साल उजाडलं, आणि ते दाखवलं अमेरिकेतल्या चँडलर नावाच्या माणसाने, जो पेशाने विमा कंपन्यांचे हिशोब करणारा होता. त्या डोलण्याचा एक फेरा सुमारे ४३३ दिवसांचा. (गोंदियाचा वेगही ४३३. निव्वळ योगायोग, पण पाठ करायला बरा.) २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात तर असं निघालं की १९९३ ते २०१० या काळात माणसाने जमिनीखालचं इतकं पाणी उपसलं की ध्रुव ८० सेंटिमीटरच्या आसपास सरकला, आणि त्यात वायव्य भारतातल्या उपशाचा वाटा मोठा आहे. पंजाबातल्या धानाच्या मोटारी त्या तक्त्याच्या रकान्यात उतरतात म्हणा ना.

असो. फाईलकडे वळू.

फाईलचं नाव फायनल्स२०००ए. दिसायला अगदी साधी. २ जानेवारी १९७३ पासून रोज एक ओळ, आणि शेवटी साधारण एक वर्षाचं भाकीत. प्रत्येक ओळ ग्रीनिचच्या मध्यरात्रीची, म्हणजे गोंदियातली पहाटे साडेपाचची. पण फाईल आहे फोरट्रानच्या जमान्याची, रकाने जागेवरून ठरतात. यूटी१ उणे यूटीसी हा आकडा ५९ ते ६८ या अक्षरांमध्ये, बस्स. आजकालची पोरं (मीही त्यातलाच) ओळ हातात आली की मोकळ्या जागांवर तोडतात. जुन्या ओळींना ते चालून जातं. भाकिताच्या ओळींत मात्र दिवसाच्या लांबीचा रकाना कोरा असतो, मग पुढचं सगळं डावीकडे सरकतं. एककं पण एक नाहीत. ध्रुवाचे आकडे विकलांमध्ये (अंशाचा ३६०० वा भाग, जमिनीवर सुमारे ३१ मीटर), यूटी१ सेकंदांत, दिवसाची लांबी मिलिसेकंदांत. आणि वर्ष दोन अंकी! ते वाचूच नये, शेजारी सुधारित ज्युलियन दिवसाचा क्रमांक आहे, तो घ्यावा.

भाकीत संपल्यावर फाईलमध्ये अशाही ओळी असतात ज्यांत नुसती तारीख आहे, पुढे सगळं कोरं. मला वारशाने मिळालेला जो कोड होता (कोणाचा ते विचारू नका, लिहिणारे कधीच सोडून गेलेत) तो अशा ठिकाणी गुपचूप शून्य भरत होता. याच्यावर माझं मत कडक आहे. आकडा नसेल तर प्रोग्रॅमने तिथेच थांबून बोंब मारावी. शून्य हाही एक आकडा आहे, त्याला अर्थ आहे. सातबाऱ्यावर क्षेत्राचा रकाना कोरा असणं आणि तिथे शून्य असणं यातला फरक मामांना विचारा.

पण मजा बघा, तो शून्य कित्येक महिने कोणाला सापडला नाही. कारण अलीकडे पृथ्वी जरा जोरात फिरतेय. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. त्यामुळे २०१७ नंतर लीप सेकंद घालायची वेळच आली नाही, आणि २०२३, २०२४ या वर्षांत यूटी१ आणि यूटीसी यांच्यातला फरक शून्यापासून काही शतांश सेकंदांवरच राहिला. शून्य भरलं तरी चूक पंधरा-वीस मीटरची. नकाशावर कोण बघतंय!

दुसरा दोष याच्याहून खोल लपला होता, आणि मला आवडला तो हा. तक्त्यात रोज एकच आकडा, पण उपग्रह काही पहाटे साडेपाचलाच जात नाही. मधल्या वेळेसाठी दोन आकड्यांमधून रेघ ओढायची. साधी सरळ रेघ चालते, एरवी सेंटिमीटरभराचा फरक पडतो. मानक पद्धत चार बिंदूंमधून वक्र काढण्याची आहे, मीही तीच ठेवलीय. आता ३१ डिसेंबर २०१६ ची ओळ बघा. उणे ०.४१ च्या आसपास. १ जानेवारी २०१७ ची, अधिक ०.५९. रातोरात एक सेकंद उडी! पृथ्वीने उडी मारलेली नाही, उडी घड्याळाने मारली. कोडला काय कळतंय? तो दोन्हींच्या मधून रेघ ओढतो. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी साडेपाचला, बरोबर मध्यावर, त्याचं उत्तर अधिक ०.०९. खरं उत्तर अजूनही उणे ०.४१. अर्ध्या सेकंदाची चूक, म्हणजे गोंदियात २१६ मीटर.

मी त्या संध्याकाळची एक खोटी फेरी चालवून बघितली, कॅमेरा मामांच्या बांधीच्या कोपऱ्यावर रोखून. जुन्या कोडने बोट ठेवलं ते पश्चिमेला, पाच-सहा धुरे ओलांडून, जिथे आमच्या कोणाचंच काही नाही. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की उत्तर वेडंवाकडं नव्हतं. गाव तेच, तलाव जागच्या जागी, जमीन धानाचीच. कोणालाही पटलं असतं. चार बिंदूंचा वक्र घेतला तर चूक त्या एका दिवसापुरतीही राहत नाही, आधीच्या आणि नंतरच्या दिवसालाही थोडी थोडी लागते.

उपाय दोन ओळींचा आहे. प्रत्येक आकड्यातून त्या दिवशी यूटीसी अणुवेळेच्या जितके सेकंद मागे आहे तितके वजा करा (३१ डिसेंबर २०१६ ला ३६, दुसऱ्या दिवशी ३७), म्हणजे तक्ता सलग अणुवेळेवर येतो आणि उडी नाहीशी होते. रेघ तिथे ओढा, मग तेच सेकंद परत मिळवा. ज्यांनी हे शास्त्र घडवलं त्यांना हे कधीचं ठाऊक आहे, चांगल्या लायब्रऱ्या हेच करतात. पण २०१७ नंतर जो या कामात आला त्याच्या चाचण्यांत हा दिवस येतच नाही. ताजी फाईल उतरवली, कालची तारीख टाकली, उत्तर जुळलं, झालं काम. जुनी वर्षं उघडायची वेळ आली की मग कळतं. आणि आमच्या भागात जुनी वर्षं लागतातच. कोणत्या साली तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत कधी पोचलं यावर भांडणं अजून चालू आहेत. त्यात २०१२ आणि २०१५ चे लीप सेकंद पडले ३० जूनला, पऱ्हे टाकून रोवणीची वाट बघायच्या ऐन दिवसांत.

एक खुलासा, नाहीतर कोणीतरी घाबरून फोन करेल. संस्थांकडून तयार मिळणाऱ्या चित्रांत हे सगळं आधीच सांभाळलेलं असतं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसारची चित्रं तुम्ही उतरवलीत तर तुम्हाला यातलं काही करायचं नाही. आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या दोन ओळींच्या कक्षेवरून "आज आपल्या घरावरून कोण जाणार" एवढंच बघायचं असेल तर तीच कक्षा किलोमीटरभर चुकलेली असू शकते, तिथे ध्रुव कुठे डोलतोय हे बघत बसणं म्हणजे पोत्याने धान मोजताना दाणे मोजणं. हे सगळं त्यांच्यासाठी, जे स्वतः ताऱ्यांच्या चौकटीत कक्षा चालवतात आणि मग जमिनीवर बोट ठेवतात.

आता चाचण्यांच्या यादीत १९७३ नंतरचे सगळे लीप सेकंद आहेत, कोरी ओळही आहे. त्यावर पृथ्वी अशीच जोरात राहिली तर कधीतरी एक सेकंद काढून टाकावा लागेल, जे आजवर एकदाही झालेलं नाही. २०२२ मध्ये जगातल्या मोजमापवाल्यांनी ठरवलं की २०३५ पर्यंत ही ०.९ सेकंदाची मर्यादाच वाढवायची, त्यामुळे कदाचित होणारही नाही. तरी मागच्या रविवारी मी एक बनावट तक्ता तयार केला, ज्यात गोंदियाच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ५८ सेकंदांनंतर थेट साडेपाच वाजतात. पहिल्या खेपेला वक्र नीट गेला. ध्रुवाच्या आकड्यांना असली उडी नसते, त्यांची चाचणी पुढच्या शनिवारी.