सहभोजनास स्थळ कोणतें?

सहाजणांनीं मिळून वर्ध्यास खावयास जावयाचें ठरलें कीं वाद पदार्थांवरून माजतो. खरी अडचण पैशांची असते, आणि ती कोणी बोलून दाखवीत नाहीं. आमच्यांतील एकजण अशा वेळीं ‘भूक नाहीं’ म्हणून नुसतें पाणी पीत असे. सावजी रस्सा शाकाहारी मित्रांस वर्ज्य. मोठ्या उपाहारगृहांत पंखा गार, पण दरपत्रक वाचतांनाच घाम फुटतो! शेवटीं मीं गोरस भांडार सुचविलें. जमनालाल बजाजांनीं १९४२ सालीं निधन होईपर्यंत ज्या गोसेवेस वाहून घेतलें, ती येथें जिभेनें शिकतां येते. गोरसपाक म्हणजे कणीक, साखर व गाईचें तूप यांचा खुसखुशीत प्रकार. पुडा मध्यें ठेवला म्हणजे कोणीं किती खाल्लें, हें मोजावें लागत नाहीं. त्या दिवशीं आमच्या मित्रानें तीन खाल्ले, आणि चवथ्यासाठीं हात पुढें केला.